दुधाच्या जागी बाटली

माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या घरी आलेल्या पाहुण्याला गेली अकरा वर्षं चहाबरोबर एक वाक्य ऐकवलं जातं. कोपऱ्यातला वॉकर पाहून तो विचारतो, अक्काच्या पायाला काय झालं? मग कोणीतरी सांगतं, "तिच्याच हट्टानं गेले हो पाय. काशीला दूध सोडलं, आणि वरून मनानंच दुकानातल्या बाटल्या उचलून पीत राहिली." पाहुणा च्च च्च करतो आणि चहा संपवतो. अक्का तिथेच खाटेवर बसलेली असते.

मी हे वाक्य ऐकून मान हलवली आहे. एका लग्नात तर ते मीच सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

ते वाक्य खोटं आहे. दूध तिनं मला विचारून सोडलं आणि बाटली मी दिली. हे माझ्याशिवाय फक्त अक्काला माहीत होतं. ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे, मी शहात्तरचा. आम्हा दोघांपैकी कोणी एक गेलं की ते वाक्यच खरं होऊन बसेल, म्हणून हे लिहितो आहे.

अमळनेरला माझं चौतीस वर्षं मेडिकल होतं. फार्मसीचा रीतसर डिप्लोमा होता, त्याचं सर्टिफिकेट काउंटरच्या मागे काचेत लावलेलं होतं. गावाकडचे लोक बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरायचे आणि डॉक्टरकडे जाण्याआधी माझ्याकडे यायचे. पुष्कळ जण माझ्याकडूनच परत जायचे. मला त्याचा अभिमान होता. लोक म्हणत, "नानाकडे गेलं की डॉक्टरची गरज नही." मी हसून पुडी बांधायचो. त्या हसण्याचा आता मला इतका राग येतो की आरशात दाढी करतानासुद्धा तोंड तसं झालं तर मी मान वळवतो.

लोक सर्वांत जास्त काय मागत होते, तर ताकद. ताप, खोकला, जुलाब यांची नावं तरी होती. पण कोणाची सून बाळंत झालेली, कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाला कापूस वेचून थकवा, सगळे एकच शब्द घेऊन यायचे. "नाना, ताकदनी बाटली द्या." आणि मी मागे वळून बाटली काढायचो. चौतीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की बाबा, तुझ्यात कमी काय आहे?

ताकद नावाचं जीवनसत्त्व नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की आत काय आहे आणि किती आहे. एकीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड, दुसरीत बी-कॉम्प्लेक्स आणि भरपूर साखर, तिसरीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. ज्याच्या अंगात लोह कमी आहे त्याला लोह द्यावं, ते त्याला खरोखर उभं करतं. ज्याच्यात ते पुरेसं आहे त्याला दिलं तर पोट बिघडतं, शौचाला काळी होते, आणि फार झालं तर नुकसान होतं. या सगळ्याला पूरक म्हणतात. पूरक म्हणजे उणं भरून काढणारं. आधी उणं काय ते मोजायला हवं. जेवणात काय येतं आणि काय येत नाही, ते विचारायला हवं. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध हे ज्याच्या ताटात रोज आहे आणि ज्याचं पोट ठीक आहे, त्याला माझ्या कपाटातल्या बहुतेक बाटल्यांची काही गरज नव्हती. एवढं वाक्य मी बोललो असतो तर माझं अर्धं कपाट न विकता पडून राहिलं असतं. कंपन्यांची माणसं यायची, स्कीम सांगायची, बाटल्यांबरोबर भिंतीवरचं घड्याळ द्यायची. माझ्या घरात अशी चार घड्याळं होती आणि चारही वेगळी वेळ दाखवायची.

आता काशीचं.

अक्काचे यजमान वारले त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही काशी-गयेला गेलो. भुसावळहून रेल्वेनं. ती, तिचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि मी. आमच्याकडे रीत अशी की काशीला गेलेल्या माणसानं आवडीची एखादी वस्तू तिथं सोडून यायची आणि मग जन्मभर ती तोंडात घालायची नाही. लोक यात हुशारी करतात. आमच्या डब्यात एक गृहस्थ होते, त्यांनी फणस सोडला. आमच्याकडे फणस मिळतो कुठे? दुसऱ्या एका बाईनं कारलं सोडलं. भाच्यानं घाटावर उभं राहून जाहीर केलं की तो सफरचंद सोडतो आहे. अक्का त्याला म्हणाली, "देवले फसाडाले इतला दूर कसाले उना? घरीच फसाडता." देवाला फसवायला इतक्या लांब कशाला आलास, घरीच फसवायचं. आजूबाजूची माणसं हसली. भाचा ओशाळला.

ती स्वतः मात्र गंभीर होती. तिला सगळ्यात जास्त आवडायचं दूध. दूध-भाकर, दही-भाकर, ताक, सायीचा चहा. माळकरी घर, अंडं-मटण घरात कधी शिजलं नाही, त्यामुळे तिच्या जिभेची सगळी चैन तेवढीच. ती पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले आणि मला म्हणाली, "भाऊ, मी दूध सोडस."

मग लगेच म्हणाली नाही की सोडलं. थांबली. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "दूध सोडं ते ताकद कमी व्हई का? तू औषधवाला शे. तूच सांग. तू नही म्हनशी ते मी दुसरं काही सोडसू."

हे मी शब्दाला शब्द लिहितो आहे, कारण या ओळीवर सगळं उभं आहे. ती हट्टानं सोडत नव्हती. ती विचारत होती. मी नको म्हटलं तर दुसरं काही सोडायची तिची तयारी होती.

मला ऊन लागत होतं. गाडी पकडायची होती. मी म्हणालो, "सोड बिनधास्त. दुकानमा ताकदनी बाटली शे ना. दूधनी बठ्ठी कसर भरी काढी ती." दुधाची सगळी कसर ती भरून काढेल.

तिनं ओंजळीतलं पाणी सोडलं.

त्या दिवसापासून तिनं दुधाचा थेंब घेतला नाही. दही नाही, ताक नाही, तूपही नाही. चहा काळा. दर महिन्याला ती गावाहून एसटीनं यायची, दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसायची आणि मी तिला बाटली द्यायचो. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. ती झाकणानं मोजून घ्यायची, सकाळी एक, संध्याकाळी एक. इतक्या नेमानं औषध घेणारं गिऱ्हाईक माझ्याकडे दुसरं नव्हतं. बाटलीनं पोट घट्ट होतं अशी तक्रार करायची, मी म्हणायचो केळं खा. ती म्हणायची, "केळाना गावमा ऱ्हाइसन केळंच सांगस. दुसरं काही शिकना नही का?" आणि आम्ही दोघं हसायचो.

माणसाला ब-बारा नावाचं जीवनसत्त्व लागतं. अगदी कणभर लागतं, पण ते मिळालं नाही तर रक्त बिघडतं आणि मज्जातंतू झिजतात. ते मटणात, माशात, अंड्यात असतं, आणि शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळतं. भाकरीत नाही, डाळीत नाही, मेथीत नाही, केळ्यात नाही. शरीर त्याचा साठा करून ठेवतं, त्यामुळे दूध सोडल्यावर लगेच काही होत नाही. साठा काही वर्षं पुरतो. तोपर्यंत माणसाला वाटतं, सोडलं तरी काय बिघडलं.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. डिप्लोमाच्या पुस्तकात होतं. परीक्षेत आलं होतं आणि मी ते बरोबर लिहिलं होतं. आणि ब-बाराची गोळी माझ्या दुकानात होती. अक्काची बाटली ज्या कप्प्यात असायची त्याच्या दोन कप्पे खाली, डाव्या हाताला. मी बाटली काढायला हात वर न्यायचो. तोच हात खाली नेला असता तर आज ती घाटाच्या पायऱ्या चढली असती. जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणजे सगळी फसवणूक असं म्हणणारे लोक मला आता भेटतात, आणि मला त्यांचाही तितकाच राग येतो. अक्काला गोळीची गरज होती. दूध न घेणाऱ्या शाकाहारी माणसाला ती लागतेच. तिला फक्त ती गोळी सोडून बाकी सगळं मिळालं.

चार-साडेचार वर्षांनी ती म्हणाली की जिभेची साल निघाल्यासारखं वाटतं, तिखट लागत नाही, नुसतं झोंबतं. थकवा येतो. मी शेजारच्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी होतं. मी काय केलं, तर बाटलीबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची वेगळी गोळी चालू केली. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढलं. मी तो रिपोर्ट काउंटरच्या काचेखाली ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. "माझी बहीण. दूध नाही, अंडं नाही. पाहा रक्त."

इथेच सगळ्यात मोठी चूक आहे. ब-बारा कमी असताना फॉलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारू शकतं. रिपोर्ट छान येतो. आणि आत मज्जातंतू झिजत राहतात, आणि ते वेळीच सांगणारी खूण, म्हणजे बिघडलेलं रक्त, तीही आपण पुसून टाकलेली असते. मी खूण पुसली आणि ती काचेखाली लावून मिरवली.

मग तिच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मी म्हणालो वय झालं. मग एक दिवस ती दुकानात आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. मी विचारलं दुसरी कुठे गेली. तिनं खाली पाहिलं, तेव्हा तिला कळलं. स्टँडपासून दुकानापर्यंत ती भर उन्हात तापलेल्या डांबरावरून एका अनवाणी पायानं चालत आली होती आणि तिला पत्ता नव्हता. तळव्याला फोड आले होते. ती फोडांकडे दुसऱ्या कोणाचे असावेत तशी पाहत म्हणाली, "पाय मन्हा शेतस का दुसराना, तेच समजत नही भाऊ."

मी माणूस पाठवून चप्पल शोधून आणली. तळव्याला मलम लावलं. आणि नेहमीची बाटली दिली.

हे लिहिताना मला पेन फेकून द्यावंसं वाटतं. माझ्यासमोर स्टुलावर बसून ती रोग वाचून दाखवत होती, अक्षर अन् अक्षर, आणि मी औषधवाला मलम लावत होतो.

त्यानंतर ती अंगणात पडली. मग न्हाणीत पडली. डोळे मिटून तोंड धुवायला लागली की तोल जायचा. भाच्यानं तिला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं, मीही बरोबर गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं अक्काच्या अंगठ्याचं टोक धरून वर-खाली केलं आणि विचारलं, "आजी, डोळे मिटा. अंगठा वर आहे की खाली?" अक्कानं चारही वेळा चुकीचं सांगितलं. मग त्या मुलीनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "जेवणात काय असतं?"

चौतीस वर्षांत मी एकदाही न विचारलेला प्रश्न तिनं तिसऱ्या मिनिटाला विचारला.

"भाकर, दाळ, भाजी," अक्का म्हणाली.

"दूध घेता?"

"नही. काशीले सोडेल शे."

डॉक्टरीणबाईंची मान वर आली. "अंडी वगैरे?"

"माळकरी शे मी," अक्का जराशी रागावून म्हणाली.

"मग दुधाऐवजी काही घेत होता का? गोळ्या, औषध?"

अक्कानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटी करून वाचली आणि विचारलं, "ही कोणी सांगितली? दुधाऐवजी हे चालेल असं कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला होता. त्या खरोखर संतापल्या होत्या, आणि त्यांचा संताप शंभर टक्के योग्य होता.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ती म्हणाली, "कोणीच सांगेल नही. दुकान भाऊनं शे. मीच मन्हा हाते उचली लिधी."

डॉक्टरीणबाई भाच्याकडे वळल्या. "घरात मेडिकल आहे म्हणून मनानं औषधं घ्यायची नसतात. पेशंटला समजावून सांगत जा." भाचा आईवर खेकसला, "तुले किती डाव सांगेल शे मी." त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं. मी खुर्चीत बसून होतो. माझी जीभ जागेवर होती, तोंडात पाणी होतं, बोलायला काही अडचण नव्हती. मी बोललो नाही. सर्टिफिकेट, काच, रिपोर्ट, नाना, हे सगळं माझ्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. मला लाज वाटली आणि बहिणीनं झाकलेली लाज मी झाकलेलीच ठेवली. एवढंच.

परत येताना गाडीत भाच्यानं ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. "आईनं स्वतःच्या हट्टानं पाय घालवले."

ब-बाराची इंजेक्शनं सुरू झाली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. लाल रंगाचं असतं ते. जीभ बरी झाली. थकवा गेला. मधल्या काळात ती नावं विसरायला लागली होती, ती परत आली. पाय आले नाहीत. पहिल्या मुंग्या आल्या तेव्हा इंजेक्शन दिलं असतं तर बहुधा आले असते, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दूध मात्र अक्कानं तरीही घेतलं नाही. काशीचं सोडणं म्हणजे सोडणं. त्यामुळे हट्टाच्या गोष्टीला बळकटीच आली.

मी पुढच्या वर्षी दुकान विकलं. गुडघे दुखतात असं कारण दिलं.

एवढ्यावर मी कदाचित गप्पच मेलो असतो. पण या दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मामा, तुमचा चांगला फोटो पाठवा. सर्टिफिकेटसमोरचा."

कशाला, म्हटलं.

तो सांगायला लागला. गावात पोषण केंद्र काढतो आहे. एका कंपनीची पावडर आहे, सकाळी पाण्यात ढवळून प्यायची. बरोबर गोळ्यांचा डबा. सगळी जीवनसत्त्वं एका ठिकाणी. त्याच्या बायकोनं, म्हणजे अक्काच्या सुनेनं, ट्रेनिंग घेतलं आहे, फ्लेक्स छापायचा आहे. त्यावर माझा फोटो आणि खाली ओळ: चौतीस वर्षांच्या अनुभवी मामांच्या आशीर्वादाने.

"यात आहे काय?" मी विचारलं.

"ताकद आहे मामा," तो म्हणाला. "सगळ्यांना चालते. लहान, मोठे, बाळंतीण, शुगरवाले."

"सगळ्यांना एकच?"

"तुम्ही नाही का देत होता एकच बाटली सगळ्यांना?" तो हसून म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरोखर कौतुक होतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावाला गेलो. रस्ताभर माझं डोकं तापलेलं होतं. भाच्यावर, त्या कंपनीवर, त्या ट्रेनिंग देणाऱ्यांवर जे चार तासांत एका बाईला बाळंतिणीला काय द्यावं हे शिकवतात. पण ते सगळे माझ्याच काउंटरवरून पुढे गेलेले होते. मी या गावाला ताकद मागायला शिकवलं. आता दुसरा कोणी ती विकणार होता आणि त्याला माझा चेहरा हवा होता.

ओट्यावर फ्लेक्स आधीच येऊन पडला होता. फोटो त्यांनी कुठल्यातरी लग्नातून कापून घेतला होता, माझ्या डोक्यावर अर्धा फेटा होता. भाचा, सून आणि शेजारच्या दोन बायका असे सगळे चहा पीत होते. त्यातल्या एकीनं पावडरचा डबा हातात धरला होता. तिच्या मुलीला सातवा महिना होता, तिच्यासाठी हवी होती. अक्का खाटेवर बसली होती, पुढ्यात तिचा काळा चहा.

सुनेनं मला दुधाचा चहा दिला आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगा यांना. तुमचं ऐकतील."

मग मी सांगितलं. त्या बाईला म्हटलं, डबा खाली ठेव. मुलीला सरकारी दवाखान्यात नावनोंदणी करायला ने, तिथं रक्त तपासून लोहाच्या गोळ्या देतात, त्याच तिला दे, त्यांना विचारल्याशिवाय दुसरं काही देऊ नको. बाई डबा धरूनच होती. "पण तुम्हीच तर अक्काला..." ती म्हणाली आणि थांबली, कारण तिनं ऐकलेली गोष्ट वेगळी होती. "नाही, अक्कानं मनानं घेतली म्हणा."

"अक्कानं मनानं घेतली नाही," मी म्हणालो. "मी दिली. काशीला तिनं मला विचारलं होतं, दूध सोडू का. मी म्हटलं सोड, बाटली देतो. साडेसहा वर्षं मी दिली. पायात चप्पल नाही हे तिला कळलं नाही त्या दिवशीही मी दिली. धुळ्याला ती खोटं बोलली आणि मी शेजारी बसून ऐकलं."

सुनेच्या हातातली गाळणी ठिबकत होती. भाचा फ्लेक्सकडे पाहत होता. मग तो म्हणाला, "मामा, हे आता कशाला? अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं तू तिला रोज ऐकवतो आहेस म्हणून."

"तुम्हीही ऐकवलं आहे," तो म्हणाला. तेही खरं होतं.

मी अक्काकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. मोठ्या बहिणी जाऊ दे म्हणतात. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा तिचं तोंड असंच झालं होतं.

"मी एक डाव खोटं बोलनू," ती म्हणाली. "एकच डाव. डॉक्टरनासमोर तुन्ही इज्जत जाऊ नही म्हनीसन. माले वाटनं, घर जाईसन तू सांगशी. आज सांगशी, सकाय सांगशी." ती थांबली. "अकरा वरीस मी वाट देखी."

मी तिला माफ कर म्हटलं. तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती चहाच्या कपाकडे पाहत होती.

"एक इचारस," ती म्हणाली. "काशीले मी तुले इचारं ना? तू नही म्हनता ते मी सोडती का?"

"नही," मी म्हणालो.

"मंग दूध मी नही सोडं. तू सोडं."

तिनं हात लांब केला. तो हात आता नेमका पोचत नाही, नजर ठेवून न्यावा लागतो. तिनं नजर ठेवून माझ्या पुढचा दुधाचा चहा उचलला आणि स्वतःचा काळा चहा माझ्याकडे ढकलला. थोडा बशीत सांडला.

"आई," भाचा दचकून म्हणाला. "काशीचं आहे ते."

"खोटा सल्लावर सोडेल शे ते. देवले दवाखानाना कागद दाखाडसू मी," ती म्हणाली आणि पहिला घोट घेतला. सतरा वर्षांनंतरचा पहिला. तो तिनं तोंडात धरून ठेवला. शेजारची बाई पावडरचा डबा केव्हाच ओट्यावर ठेवून तिच्याकडे पाहत होती.

"कसा शे?" मी विचारलं.

"पातळ," अक्का म्हणाली. "आते म्हशीबी खोट्या बोलाले लागन्यात."

सून हसली, मग शेजारणी हसल्या. अक्का हसली नाही आणि मीही नाही. तिनं कप संपेपर्यंत माझ्या कपाकडे बोट दाखवून ठेवलं. मी तो काळा चहा घेतला. कडू आणि गार झालेला होता.

फ्लेक्स लागला नाही. भाचा माझ्याशी बोलत नाही, आणि केंद्र त्यानं सोडलं की दुसऱ्या कोणाच्या फोटोनं काढणार आहे, मला माहीत नाही. सातव्या महिन्यातल्या मुलीची नावनोंदणी झाली एवढं कळलं. अक्काचं महिन्याचं इंजेक्शन चालूच आहे, ते आता जन्मभर राहील. दुधाचा चहा ती दिवसातून दोनदा घेते आणि दोन्ही वेळा दुधाला नावं ठेवते. मी गेलो की सून आम्हा दोघांना न विचारता दोन कप आणते, एक पांढरा, एक काळा, आणि काळा माझ्यापुढे ठेवते.